पाव कोणाच्या हातचा?

पावसाळा सरत आला की आमच्या महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे-तिघे अध्यापक माहुली किल्ल्यावर जातो. निजामशाही सावरण्याचा शहाजीराजांचा अखेरचा प्रयत्न १६३६ साली जिथे संपला, तो हा शहापूर तालुक्यातील किल्ला. इतिहासाचा पाठ वर होतो; पण विद्यार्थ्यांना तो खऱ्या अर्थाने आठवतो तो खाली उतरल्यावर, आसनगाव स्थानकाबाहेरच्या एका जुन्या वडापावच्या गाडीमुळे. वडील गेल्यानंतर मुलाने चालवलेली, पाटी नसलेली ही गाडी. गुडघे दुखत असतात, पोटात कावळे ओरडत असतात, आणि नेमका त्याच वेळी कढईतून नवा घाणा निघत असतो. झाऱ्यावर निथळणारे वडे, लादीतून ओढून काढलेला मऊ पाव, त्याच्या पोटात बोटाने पसरलेली लसणाची सुकी चटणी, आणि कागदावर बाजूला ठेवलेली, मीठ लावलेली तळकी मिरची. पहिला घास तोंड भाजतो, तरी कोणी थांबत नाही. चुरा मागून घेण्याची लाज दुसऱ्या वडापावापर्यंत टिकते; तिसऱ्याला ती उरत नाही.

गेल्या खेपेस तिथे उभ्या उभ्या एक विद्यार्थी म्हणाला, "सर, खरं तर हा आपला देशी बर्गरच की!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण परतीच्या कसारा लोकलमध्ये त्या वाक्याने आमचा पिच्छा सोडला नाही. वडापावाला 'देशी बर्गर' किंवा 'गरिबांचा बर्गर' म्हणण्याची रीत आता रुळली आहे. दोन पावांच्या मध्ये काहीतरी गरम आणि खारे, एवढ्या साम्यावर ती उभी आहे. उपमा चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. या उपमेमुळे आपल्याच एका मोठ्या सामाजिक घडामोडीचा इतिहास झाकला जातो, असे आम्हास वाटते. तो इतिहास थोडा उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ शब्दांपासून करू. भाषेच्या शिक्षकांना ती सवयच असते. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला. 'पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव' ही व्युत्पत्ती आम्ही लहानपणी घरोघरी ऐकली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती निराधार आहे. मात्र ती का रचली गेली असावी, याकडे आपल्याला पुढे वळायचे आहे. 'बटाटा' हाही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. उत्तरेकडे 'आलू' म्हणतात. मराठी, कोकणी आणि गुजराती या किनाऱ्यावरच्या भाषांनी मात्र 'बटाटा' स्वीकारला. मिरची हे पीकही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आले. तिचे नाव मात्र आपण आपल्या जुन्या मिरीवरून पाडले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेव्हा हे शब्द ठाणे जिल्ह्याच्या दाराशीच दोनशे वर्षे वावरत होते. चावी, काजू, घमेले, बालदी हे त्यांचेच भाऊबंद. आणि 'पगार'ही. ज्या कामगाराच्या हातात पुढे वडापाव आला, त्याच्या खिशातला पगार आणि हातातला पाव हे दोन्ही शब्द एकाच बोटीने आले होते.

म्हणजे वडापावात परके काय आणि आपले काय, हा हिशेब मांडायला बसलो तर वड्याच्या आतले सारणही परकेच निघते. तरीही आपल्या परंपरेने या दोन परक्यांना फार वेगवेगळी वागणूक दिली. बटाटा स्वयंपाकघरात आला, सोवळ्यात आला, इतकेच काय, उपवासाच्या ताटातही जाऊन बसला. एकादशीला गहू-तांदूळ वर्ज्य आणि दक्षिण अमेरिकेतला बटाटा चालतो, याचे कोणाला नवल वाटत नाही. पाव मात्र दाराबाहेरच राहिला. 'पाव खाल्ला' म्हणजे 'बाटला', असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या टिकले. किनारपट्टीवर विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्यांतले ऐतिहासिक तथ्य किती हा वेगळा प्रश्न. पण बाटवण्याचे साधन म्हणून लोकमनाने तलवार निवडली नाही, पाव निवडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

हा भेद का पडला? परकेपणा हे कारण असते तर बटाटाही अडकला असता. आमच्या मते उत्तर 'शिधा' या आपल्या जुन्या शब्दात आहे. कोरडा शिधा कोणाकडूनही घेता येई. तांदूळ, डाळ, गूळ यांना घेणाऱ्याच्या चुलीवर जाईपर्यंत विटाळ नव्हता. शिजलेल्या अन्नाला मात्र हात चिकटलेला असे. ते कोणी शिजवले हा प्रश्न टाळता येत नसे. बटाटा हा शिधा म्हणून आला: कच्चा, मातीचा, आपल्या हाताने सोलून आपल्या चुलीवर शिजवायचा. पाव आला तो शिजूनच. त्याचे पीठ दुसऱ्याने मळलेले, आंबवलेले, गोव्यात तर माडाच्या सुरेने आंबवलेले, आणि दुसऱ्याच्या भट्टीत भाजलेले. हा दुसरा कोण? गोव्यातून आलेला ख्रिस्ती पोदेर, मुसलमान भट्टीवाला, पुढे इराणी. पावाबरोबर त्याचा हात घरात येत होता. 'पायांनी तुडवतात' ही व्युत्पत्ती रचली गेली ती याच भयातून असावी, असा आमचा तर्क आहे. परका हात घाण ठरवायचा झाला की त्याचा पाय करणे सोपे पडते.

मराठीच्या विद्यार्थ्यांना दादोबा पांडुरंग तर्खडकर ठाऊक असतात ते व्याकरणकार म्हणून. १८३६ साली त्यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्यांना पुढे 'मराठी भाषेचे पाणिनी' ही पदवी मिळाली. परीक्षेत एवढेच विचारले जाते. पण याच दादोबांच्या पुढाकाराने १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा ही गुप्त मंडळी उभी राहिली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. आणि सभासद होऊ पाहणाऱ्याची परीक्षा कशी घेत? त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि अन्य धर्मीयाच्या हातचे पाणी प्यावे लागे. शपथ, प्रतिज्ञापत्र, व्याख्यान यांतले काहीच पुरेसे मानले गेले नाही. पावाचा एक तुकडा गिळता आला तर माणूस खरा, असा तो निकष होता. बंद दाराआड, मूठभर सुशिक्षितांनी, धडधडत्या छातीने खाल्लेला तो पाव! १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विखुरली. 'यमुनापर्यटन'चे लेखक बाबा पदमनजी हेही या वर्तुळात वावरलेले. मराठी गद्याचा आणि पावाचा संबंध असा जुना आहे.

पुढे चाळीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी व्याख्यानाला गेली असता चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसताच पेला हाती धरला. बोलावणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, त्यांनीच उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात जाऊ दिली. मग ग्रामण्य, बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत गेलेला वाद आणि प्रायश्चित्ते. देशाचे नेतृत्व करणारी माणसे एका पेल्यापायी वर्ष-दोन वर्षे अडकून पडली. हे प्रकरण आपण विनोदाने सांगतो. पण ज्यांना त्या काळी गावच्या पाणवठ्यावर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या बाजूने पाहिले की विनोद ओसरतो. वरच्यांना जे एका प्रसंगी भोगावे लागले, ते खालच्यांच्या रोजच्या जगण्याचाच भाग होते.

परमहंस सभेला जे गुप्तपणे जमले नाही, ते उघड्यावर घडवण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, १८५५ मध्ये वासिंदला. पुढचा टप्पा रेंगाळला. आसनगावपर्यंत रूळ आले ते १८६० साली. पुढील वर्षी कसारा आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरी. म्हणजे ज्या सुमारास मुंबईत परमहंस सभा विखुरत होती, त्याच सुमारास आसनगावला पहिली आगगाडी येत होती. हा योगायोग आहे, त्यातून कार्यकारणभाव काढू नये. पण इतिहासाच्या वर्गात तो सांगण्याजोगा आहे. गाडीच्या डब्यात शेजारी कोण बसेल यावर प्रवाशाचा ताबा नव्हता. रेल्वेने आरंभी समाजाची समजूत काढण्यासाठी फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे ठेवले, पाणीवाले वेगळे नेमले, आणि ही रीत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालली. तरी भूक ही वेळापत्रकावर चालू लागली होती. घाट चढण्यासाठी कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीस जादा इंजिने जोडावी लागत. त्या काही मिनिटांत जे हाती येईल ते खायचे. कर्जतच्या दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती या थांब्यावरच वाढली. खिडकीतून पैसे देऊन वडा घेणाऱ्याला, तळणाऱ्याचे गोत्र विचारण्याइतका अवकाश इंजिनाची शिट्टी देत नाही.

आता दादर. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला आरंभ केला, असे सर्वत्र सांगितले जाते. सुधाकर म्हात्रे यांचेही नाव त्याच सुमारास, त्याच दादरमध्ये घेतले जाते. शेजारी आम्लेट-पावाची गाडी होती, ती पाहून कल्पना सुचली, गिरण्यांत जाणाऱ्या कामगारांना घाई असे, म्हणून वडा पावात आला, असा कथेचा गाभा. आता अमेरिकेतील न्यू हेवन गावी जाऊ. तिथे 'लुईज लंच' नावाचे एक छोटेसे भोजनगृह आहे. १९०० साली एका घाईतल्या गिऱ्हाइकाला मालकाने पावाच्या दोन कापांत मांसाचा खिमा भाजून घालून दिला आणि हॅम्बर्गर जन्मला, असा तेथील दावा आहे. ते आजही मांस पावाच्या भाजलेल्या कापांतच देतात, आणि टोमॅटोचे केचप मागितले तर मिळत नाही. या दाव्यालाही प्रतिस्पर्धी आहेतच. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला येथे एकच कथाबीज दोन खंडांत भेटते: स्थानक किंवा बाजार, घाईतला माणूस, चतुर विक्रेता आणि हातात मावणारे जेवण. औद्योगिक शहर आपल्या अन्नाची जन्मकथा अशीच सांगते. बर्गरशी वडापावाचे खरे नाते असेल तर ते या कथेत आहे. पदार्थाच्या आकारात नाही.

पण साम्य येथे थांबते. न्यू हेवनच्या गिऱ्हाइकाला फक्त वेळ वाचवायचा होता. दादरच्या गिऱ्हाइकाच्या हातात दोन वेगळी जगे एकत्र आली होती. वडा घरचा. तो श्राद्धाच्या पानात उडदाचा होऊन पितरांना जातो आणि सणासुदीला बटाट्याचा होऊन पोराबाळांना. पाव बाहेरचा, परक्या हाताचा, बाटवणारा. पितरांना चालणाऱ्या आणि जातीतून काढणाऱ्या या दोन वस्तू १९६६ साली एका कागदात बांधल्या गेल्या, आणि कोठेही ग्रामण्य झाले नाही. कोणी सभा घेतली नाही, अग्रलेख लिहिला नाही. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' त्याच वर्षी आले. बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' तीन वर्षे आधी. त्याच शहरात, त्याच दशकात कविता आणि कथा ज्या माणसांना साहित्यात आणत होत्या, ती माणसे रस्त्यावर एका गाडीभोवती उभी राहून पाव खात होती. गिरणगावातल्या खाणावळी बहुधा गावकीच्या, नात्यागोत्याच्या असत. गाडीला गावकी नव्हती.

१८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, आणि कढई-स्टोव्ह एवढ्या भांडवलावर उभा राहणारा हा धंदा अनेकांचा आधार झाला. लोकल गाड्यांबरोबर तो कल्याणच्या पुढेही सरकत गेला. प्रत्येक गावात त्याचे एखादे जुने घराणे झाले. कल्याणात तर एका कुटुंबाने घराच्या खिडकीतून वडे विकायला आरंभ केला आणि 'खिडकी वडा' हेच नाव पडले. आता गंमत पाहा: घराच्या आतला, बाईच्या हातचा वडा खिडकीतून बाहेर येतो आणि बाहेरच्या पावाला भेटतो. आमच्या सगळ्या विवेचनाचे चित्रच त्या एका नावात आहे.

१९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. अस्सल देशी, घरचे अन्न, सरकारचे पाठबळ. काही वर्षांत ती बंद पडली. परक्या पावाला सरकारी आधार नव्हता, तो टिकला. १९९६ साली मॅक्डोनाल्ड्स मुंबईत आले आणि पुढे येथे त्यांना आपल्या बर्गरात बटाट्याची टिक्की घालावी लागली. तेव्हा कोण कोणाची नक्कल, हे ज्याने त्याने ठरवावे. २००४ मध्ये कल्याणातच 'गोली वडापाव'चे पहिले दुकान निघाले. यंत्रावर केलेला, गोठवलेला, सर्वत्र एकाच वजनाचा वडा. 'हाताचा स्पर्श न झालेला' हे अशा उद्योगांचे भूषण असते. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण हा शब्दप्रयोग कानावर आला की आम्ही क्षणभर दचकतो. ज्या हाताला नाकारण्यात आपली शतके गेली, आणि जो हात शेवटी गाडीवर स्वीकारला गेला, तोच पुन्हा, वेगळ्या आणि निष्पाप कारणाने, अदृश्य होत आहे.

आसनगावला परत येऊ. या स्थानकाबाहेर सकाळी जी माणसे उभी असतात त्यांत शहापूरहून आलेले नोकरदार, दूध-भाजी घेऊन निघालेले शेतकरी आणि वीटभट्टीच्या कामाला चाललेली कातकरी कुटुंबे असतात. उन्हाळ्यात ठाकूर बायका पळसाच्या पानांवर करवंदे-जांभळांचे वाटे मांडून बसतात. आम्ही पाहिले आहे: पाटी रिकामी झाली की त्यांतली एखादी उठते, गाडीवर येते आणि वडापाव घेऊन पाटीशेजारी बसून खाते. बटाटा आणि गहू ही काही या भातखाचरांची पिके नव्हेत. वडापाव मुंबईहून आला. या तालुक्यातून मुंबईला काय गेले? १८९२ पासून तानसाचे पाणी, नंतर भातसाचे. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तानसाच्या काठच्या माणसाला पाण्याच्या बदल्यात पाव मिळाला, असा हा व्यवहार. पोट भरते, पण व्यवहार समान झाला असे कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. 'देशी बर्गर' या शब्दांवर आम्ही लोकलमध्ये हे सारे विद्यार्थ्यांना सांगत होतो. परमहंस सभा, पंचहौद, दादर, आणि मग आमचा समारोप: "आज गाडीवर कोणी कोणाचा हात विचारत नाही." तेव्हा समोर बसलेली, एरवी फारशी न बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझ्या आजीला गावच्या हॉटेलात कप वेगळा असायचा. बाहेर वळचणीला खोचलेला. स्वतः धुऊन परत खोचायचा." डब्यात शांतता पसरली. आजी आज हयात आहे. म्हणजे हा इतिहास फार जुना नाही. डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम १९७२ साली, म्हणजे दादरच्या वडापावानंतर सहा वर्षांनी, हाती घ्यावी लागली होती. शहराच्या स्थानकावर हात विसरला गेला तेव्हा गावातल्या वळचणीला कप खोचलेलाच होता. थोड्या वेळाने तिनेच पुढे सांगितले, की आजी शहापूरच्या बाजाराला आली की वडापाव खाल्ल्याशिवाय जात नाही, आणि तोही गाडीपाशी उभी राहून, बांधून घेऊन नव्हे. "तिथे सगळ्यांना एकच कागद," असे ती म्हणते.

दादोबांची परीक्षा आजीने अशी उत्तीर्ण केली आहे, आणि तिला परमहंस सभेचे नावही ठाऊक नाही. मात्र ती परीक्षा खरे तर तिची नव्हतीच. ती पाव विकणाऱ्यांची आणि शेजारी उभे राहून खाणाऱ्यांची होती. गाडीवर आपण ती उत्तीर्ण होतो. घरी, लग्नाच्या पंगतीत, भाड्याने खोली देताना आपण कोणत्या इयत्तेत आहोत, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी पडताळावे.

असो. पुढील वर्षीही आम्ही माहुलीला जाऊ. वाचकांपैकी कोणी त्या बाजूला आलेच, तर आसनगावला उतरून तो वडापाव जरूर खावा, आणि उभे राहूनच खावा. त्याला बर्गर म्हणायचे की नाही हे नंतर ठरवता येईल. घाणा मात्र गरम असतानाच गाठावा लागतो.